टीजच्या काठाने, वरच्या अंगाला

फाटकाला कडी नाही, दोरीचा फास आहे.
विनिफ्रेड टॅलेंटायर तो काढते,
मला आत घेते, पुन्हा अडकवते.
"मेंढ्यांना पाटी वाचता येत नाही," ती म्हणते,
"माणसांना येते. तरी उघडं टाकून जातात ती माणसंच."

वय एकोणऐंशी. डावा खुबा धातूचा.
"या अख्ख्या खोऱ्यातलं सगळ्यात नवं हाड,"
असं सांगून ती काठी टेकत पुढे होते.

नदी कोऱ्या चहाच्या रंगाची,
पठारावरची दलदल मुरून मुरून आलेली.
पायवाट ज्युनिपरच्या झुडपांतून वर चढते.
मग आधी आवाज,
मग ओठांवर गार तुषार,
आणि मग तो धबधबा.

"खालचे ते पातळ थर बघ, वह्या रचल्यासारखे.
ती चुनखडी. तेव्हा इथे समुद्र होता,
कोमट, गुडघाभर म्हण हवं तर,
आणि हा देश विषुववृत्तावर उन्हं खात पडलेला.
वरचा काळा कडा मागाहून आला.
खालून, वितळलेला, न विचारता
थरांच्या मधे घुसला आणि तिथेच थिजला."

त्याचं नाव व्हिन.
हातोडा बसला की तो व्हिन्न्न वाजतो, म्हणून व्हिन,
असं लँबर्ट सांगायचा, तिचा नवरा,
एकतीस वर्षं खाणीत तोच दगड फोडणारा.
खरंखोटं त्यालाच ठाऊक.

तीस कोटी वर्षं, मी पाटीवर वाचतो.
शून्यं मोजताना बोट अडखळतं.
ती थर्मासचं झाकण फिरवत विचारते,
"साखर घालतोस?"

हार्टलपूलच्या गोदीवरून ती इथे लग्न होऊन आली,
त्याला आता चोपन्न वर्षं झाली.
परवाच दुकानात कुणीतरी म्हणालं,
तुम्ही बाहेरच्या ना, तुम्हाला माहीत नसेल.
ती हसते. हसताना कड्याकडे बघते,
पण त्यावर काही बोलत नाही.

"वर क्रॉन्कलीला जा. मला आता तो चढ नाही.
तिथे त्या तापल्या दगडाने चुनखडी भाजली,
इतकी, की मुठीत घेतली तर साखरेसारखी भुरभुरते.
आणि त्या भाजल्या भुशातच एक निळं फूल येतं.
बोटाच्या पेराएवढं.
असं निळं, की बाकी सगळं धुवायला टाकावंसं वाटतं.
तोडू नकोस. नुसतं बघून ये,
आणि मला सांग."

दोन तास चढलो. वाऱ्याने डोळे वाहू लागले.
एक टिटवी माझ्यावर ओरडत राहिली,
जणू मीच तो उशिरा घुसलेला खडक.
साखर सापडली. बसलो, ओंजळ भरली, गळू दिली.
फुलंही होती. पण आभाळ भरून आलेलं,
आणि ही फुलं उन्हाशिवाय उघडत नाहीत.
गवतात नुसत्या पिळलेल्या वाती,
शाईत टोक बुडवून ठेवल्यासारख्या.
पाऊण तास थांबलो.
तीस कोटींपुढे पाऊण तास, पण पाठ धरली.

संध्याकाळी तिच्या दारात बूट काढताना सांगितलं,
मिटलेली होती.
खोटं बोलता आलं असतं.

तिने केटलीखालचा जाळ मोठा केला.
बराच वेळ पाण्याचाच आवाज.
मग म्हणाली, "लँबर्टलाही पहिल्यांदा मिटलेलीच दिसली होती."

आणि थोड्या वेळाने:
"येताना दोरी लावलीस ना?"