बिनपगारी आठ दिवस

वृंदा आली तेव्हा द्राक्षं नुकती गोड व्हायला लागली होती.
सोबत दुआर्त, आणि सहा वर्षांची इनेश.
सुपरवायझर म्हणाले, आठ दिवसांचा पगार कापला जाईल.
कापा, म्हटलं.

पहिल्याच सकाळी मखमलाबाद रोडला मिसळ.
मला सवय अकरा मिनिटांची:
रस्सा ओतायचा, पाव मोडायचा, हात धुवायचा
की स्कूटी सातपूरकडे.
दुआर्तने आधी ताटाकडे नुसतं पाहिलं.
मटकीचा एक मोड उचलून उन्हात धरला.
मग काळ्या रश्शाच्या वाटीला नाक लावून
वृंदाच्या कानात काहीतरी बोलला.
ती म्हणाली, विचारतोय, यात काय काय भाजलंय?
कांदा, खोबरं, असेल दगडफूल...
पुढचं मला येईना.
इतकी वर्षं खाते,
चवीच्या घरात कधी चप्पल काढून बसलेच नव्हते.

तिसऱ्यांदा रस्सा वाढून गेलेला पोऱ्या
आमचं टेबल चारदा पुसून गेला.
शेवटी त्याने विचारलंच,
अजून कुणी यायचंय का?
नाही रे बाबा, खातोय.

भद्रकालीच्या बाजारात एक बाई ओरडली, बटाटाऽऽ!
दुआर्त जागीच थांबला,
परक्या गावात कुणी नावाने हाक मारावी तसा.
मग शोधतच सुटला: पाव, काजू, अननस, साबण,
माझ्या हातातली चावी.
सगळे त्याच्याकडचे शब्द,
कधीकाळी गलबतातून उतरलेले
आणि परत जायचं विसरून गेलेले.
वृंदाने हे समजावून सांगितल्यावर
बाईंनी दोन बटाटे वर टाकले.
घ्या, म्हणाल्या, बटाट्याच्या माहेरची माणसं.
पगारसुद्धा आमचाच, दुआर्त म्हणाला.
तेवढा घेऊन जा, मी म्हटलं.

दुपारी सिडकोच्या तिसऱ्या मजल्यावर
इनेश एकेक द्राक्ष सोलून खायची.
सोललेलं द्राक्ष डोळ्याला लावून
त्यातून मला बघायची.
एका घोसाला एक दुपार.
संध्याकाळी गंगापूर धरणाच्या कडेला
आम्ही काहीच करायचो नाही.
ते जमायला मला तीन दिवस लागले.

शेवटच्या रात्री भांडी विसळताना वृंदाला म्हटलं,
तुम्ही लोक किती निवांत जगता गं.
ती नळ बंद करून हसली.
तिकडे तो बस चालवतो, ताई.
सिग्नलला पाव खातो,
सिग्नल सुटला की उरलेला डॅशबोर्डवर.
पोर्तोतल्या जुन्या बाजारात
पाच वर्षांत तो पाऊल टाकू शकलेला नाही.

सोमवारी कॅन्टीनला मटकीची उसळ होती.
मी एक मोड उचलला,
ट्यूबलाइटखाली धरला.
समोरून नसीमने विचारलं, अळी आहे का गं?
नाही, म्हटलं.
भोंग्याला अजून
सहा मिनिटं होती.