सात गाठींची सुतळी

इतवारीत, बंद पडलेल्या तेलघाण्याच्या माडीवर
दोन खोल्यांचं आमचं वस्तुसंग्रहालय.
पाट्या माझ्या हातच्या.
पत्र्यावर पांढरा ऑइलपेंट, त्यावर काळी अक्षरं,
पाटीमागे चाळीस रुपये, मजकूर कितीही असो.
सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द : अज्ञात.
काळ अज्ञात. दाता अज्ञात.
आता मी डोळे मिटून 'ज्ञ' काढतो.

पहिल्या खोलीत मीठ मोजायचं माप,
भोसल्यांच्या वेळचे म्हणून दिलेले
आणि तसे नसलेले दोन पैसे,
भुसा भरलेला एक मोर, दर उन्हाळ्यात एक पीस कमी.
कूलरचा वारा थेट त्याच्यावर येतो,
पण कूलर हलवला तर मोटघरे मॅडमनी बसायचं कुठं?

मॅडमना हवा होता बडग्या.
कायमचा. काचेत.
"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खी इतवारी रस्त्यावर असते,
आणि आपल्याकडे त्यातली एक काडी नाही."
म्हणून आम्ही दौलतराव गभण्यांकडे गेलो.
ते अंगणात कामट्या तासत होते.
मान वर न करता म्हणाले, "जाळाचा नाही?"
नाही.
"मंग त्याच्यासंगं धाडलेली रोगराई कुठं जाईन?
तुमच्या माडीवरच राहीन ना बाप्पा."

मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही.
ज्या वर्षी माझ्या पोराला कावीळ झाली होती
त्या वर्षी मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून
घेऊन जाय गे मारबत, असा ओरडलो होतो
की आठवडाभर गिऱ्हाइकांशी खुणेनं बोललो.

चहा झाला. दुसरा झाला.
मग त्यांनी खुंटीवरची सुतळी काढली.
टाच, गुडघा, कंबर, छाती,
खांदा, हनुवटी, डोकं.
सात गाठी, बापानं बांधलेल्या.
बडग्याचं तोंड दरसाल वेगळं :
कधी महागाई, कधी डासांचा ताप, कधी एखादा साहेब.
"कंबर मात्र तिथंच असते," ते म्हणाले.
"हे ठेवा. हे आम्ही जाळत नाही."

पाटी लिहिली :
सुतळी. सात गाठी. दाता : दौलत सोमाजी गभणे.
नाव लिहिताना हात उगाच सावकाश चालला.

पण देऊन टाकलेली वस्तू त्यांनी कधी दिलीच नाही.
पोळ्याच्या पंधरा दिवस आधी जिना चढून यायचे, धापा टाकत,
रजिस्टरात सही करून सुतळी घेऊन जायचे.
मागे काचेत उरायचं
धुळीतलं एक वेटोळं.
एकदा शाळेची सहल आली होती त्याच दिवसांत.
बाईंनी माझी पाटी वाचली, धुळीकडे पाहिलं,
पाटी पुन्हा वाचली,
आणि पोरांना म्हणाल्या, चला, मोर बघू.

यंदा दौलतराव नव्हते.
सही नातीची. तेजल गभणे,
बी.कॉम.चं दुसरं वर्ष, बोटांवर वाळलेली खळ.
सुतळी परत आली तेव्हा
तिला धुराचा वास होता, एका टोकाला पिवळा रंग.
मॅडम नियमाप्रमाणे मोजायला बसल्या.
आठ.
पुन्हा मोजल्या.

"माह्या हात आबाच्या खांद्याच्या गाठीले पोचतच नाही,"
पोरगी म्हणाली. "स्टुलावर चढूनही.
म्हणून जराशी खाली एक बांधली.
यावर्षीपासून खांदा तिथून."

मूळ वस्तूत फेरफार, असं काहीतरी
मॅडम रजिस्टरात लिहायला गेल्या. पेन थांबलं.
कूलरची पट्टी तेवढी खडखडत राहिली.
मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
तोवर मी टर्पेंटाइनच्या बाटलीचं बूच काढलं होतं.

'सात' पुसलं.
'आठ'ला तेवढीच जागा लागते.
वाळायला मात्र दोन दिवस.
भादव्याची दमट हवा आहे,
कुणी बोट लावू नये.