सहा युनिट

गाडी पुण्याहून ट्रकवर चढून आली.
काचेवर कुठल्याशा सोसायटीचं स्टिकर, बी-सातशे चार,
आणि पडद्यावर 'घर' म्हणून जपलेलं
कर्वेनगरातलं एक वळण.
मी ते अजून पुसलेलं नाही.
रोज सकाळी धरणगावच्या गल्लीत बटण दाबलं
की ती आधी तेच सांगते :
घर, तीनशे ब्याण्णव किलोमीटर.
एवढं चार्जिंग नाही.
माहीत आहे बाई, म्हणते मी, चल जळगावला.

दुसऱ्याने पाच वर्षं वापरलेली बॅटरी.
थंडीत एकशे दहा दाखवते,
मे महिन्यात पारा सेहेचाळीसला टेकला की ब्याऐंशी,
आणि एसी लावला की आकडा
उधारीवाल्यासारखा तोंड चुकवायला लागतो.
जाऊन-येऊन सदुसष्ट.
हिशेब रोज जमतो, रोज जेमतेम.
म्हणून बांभोरीच्या पुलापर्यंत काचा खाली, ओढणी तोंडाला,
ओलित केलेल्या केळीचा वारा फुकटचा,
आणि हॉस्पिटलच्या फाटकाशी दोन मिनिटं एसी,
केस सारखे करण्यापुरता.

माझं काम कान तपासायचं.
काचेच्या खोलीत माणूस बसवायचा, हेडफोन लावायचे,
आवाज आला की बोट वर करा, आजोबा.
दिवसभर मी बोटं वर व्हायची वाट बघते
आणि संध्याकाळी ज्या गाडीत बसते
तिच्यापुढून शेळ्यासुद्धा हलत नाहीत.
फटफटीवाले शेजारी येऊन वाकून बघतात :
ताई, चालूये का?

परवा पुलावर ट्रक आडवा झाला.
तासभर उन्हात. एसी लावला, काय करणार.
पाळधी मागे पडली तेव्हा अकरा टक्के,
मग पडद्यावर कासवाचं चित्र.
गिरणीचा दिवा दिसला, तिथेच वळवली.

सुपडू महाजन. पापण्यांवरसुद्धा पीठ.
गाडीभोवती एक फेरी मारली.
"काय खास हाई?"
लाईट, मी म्हटलं. सहा युनिट पुरेल.
ऐकू गेलं नसावं, मी बोटं दाखवली.
"दयन व्हवू दे, मंग लाव."
पट्टा थांबला. कळण्याचा वास खाली बसला.
मी वायर लावली, हिरवा दिवा लुकलुकला,
आणि सुपडूआबा बॉनेटवर वाकले.
उजवा कान. मग डावा.
मग तळहात टेकवून बघितला.
ही खूण मी ओळखते.
चाळीस वर्षं चक्कीशेजारी :
आधी पाखरं जातात, मग 'स', मग नातवंडं.

"आवाज नही येत," ते हळूच म्हणाले,
चोरी सापडल्यासारखे.
तिला आवाजच नाही, आबा!
त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, चाकांकडे,
परत ओठांकडे.
"तुले बी नही येत?"
मले बी नही.
काय हसला माणूस.
मग दोन तास आम्ही बाजेवर बसलो
आणि दोघांनाही सारखंच काही ऐकू येत नव्हतं.

सहा युनिटचे साठ. सुटे नव्हते,
उरलेल्याचं त्यांनी कळण्याचं पीठ बांधून दिलं.
मी पावतीमागे लिहिलं : मंगळवार, दहा वाजता, खोली चौदा.

मंगळवारी ते आले नाहीत.
पुढच्याही नाही.
आता गिरणीपाशी मी हॉर्न देते,
त्यालाही थोडं चार्जिंग लागतंच.
कधी आतून पांढरा हात वर होतो,
कधी होत नाही.
नाही झाला तर दुसऱ्या दिवशी
थोडा लांब दाबते.