खोकल्याची जागा

नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं
तेव्हा सात बायका, सात पुरुष वाचले,
पोथ्या बुडाल्या.
असं सांगतात.
मोजायला काठावर कोण उभं होतं,
ते कुणी सांगत नाही.

पुढे कित्येक पिढ्या आम्ही तेल गाळलं,
शनिवारी घाणा बंद ठेवला
आणि एकच ओळ तोंडात धरून राहिलो.
सुंतेला तीच, लग्नाला तीच,
मयतालाही तीच.
अर्थ कुणाला ठाऊक नव्हता.
अर्थ ठाऊक नसला की
सुधारणा करायचा मोह होत नाही,
हे मला फार उशिरा, छापखान्यात कळलं.

गिरगावात मी चौतीस वर्षं प्रूफं तपासली.
एका जाड ग्रंथात 'धर्म'चा 'घर्म' झाला होता.
एवढीशी गाठ, तीच सुटलेली.
तीन आवृत्त्या तो तसाच घामाघूम उभा.
तक्रारीचं एक कार्ड आलं नाही,
उलट एका व्याख्यात्यांनी त्यावर
अर्धा तास निरूपण केलं.
तेव्हा छापलेल्याचं मला कुणी सांगू नये.

मार्चात विद्यापीठातून अन्विता पाटणे आली,
मांडवीला, मिलकाआत्याच्या खोलीवर,
रेकॉर्डर घेऊन.
खाली सुक्या मिरच्यांची वखार,
जिना चढेपर्यंत माणूस दोनदा शिंकतो.
आत्याने पदर डोक्यावर घेतला,
तळवा डोळ्यांवर ठेवला,
ओळ म्हटली.
चौथ्या शब्दानंतर खोकली.
'पाणी घ्या, परत म्हणू या.'
परत तिथेच.
तिसऱ्यांदाही, तेवढाच, कोरडा,
दोन ठोक्यांचा.
'अगं, तो त्यातलाच आहे,' आत्या म्हणाली,
'बाबा तिथेच खोकत.'

बाबा म्हणजे एलोजी झिराडकर,
जन्मभर याच वखारीत मुकादम.
त्यांच्या वडिलांच्या घशाबद्दल
विचारायला आता कुणी उरलेलं नाही.

अन्विताने वहीत लिहिलं: प्रक्षेप.
मी समोरून उलटं वाचलं,
आणि सवयीने बोटं शिवशिवली
खोडण्याच्या खुणेसाठी.
मग घरी जाऊन ओळ पुस्तकाशी ताडून पाहिली.
अक्षराला अक्षर बरोबर.
फक्त शेवटचा स्वर लांबलेला,
भाताच्या खाचरापलीकडे
कुणाला हाक मारावी तसा.

आमच्या देवळालाही जुनी माणसं मशीदच म्हणत.
स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं, असं आम्ही म्हणतो.
समोरचे दुकानदार दुसरं म्हणतात.
पाटीवर नुसतं नाव आहे.

त्या देवळात एका शनिवारी
हाइम अष्टमकर गुंडाळीतून वाचत होता.
वाचता वाचता पुढे गेला आणि थबकला.
जे म्हणून झालं होतं, ते समोर नव्हतं.
एका अक्षराची शाई उडालेली.
एक अक्षर गेलं की अख्खी गुंडाळी बाद,
नवा लेखनिक मिळेपर्यंत कपाटात.
चूक डोळ्याने नाही पकडली,
जिभेने पकडली.
मी अन्विताला फोन करून हे सांगितलं.
ती म्हणाली, 'पण काका, जिभेला ते शिकवलं कुणी?
पुस्तकानेच ना?'
मला उत्तर आलं नाही.
एवढंच म्हणालो, त्या ओळीचा
पहिला शब्द 'ऐक' आहे.
हेही मी ऐकलेलंच.

आत्या दिवाळीच्या आधी गेली.
सातव्या दिवशी तिच्याच खोलीत
प्रार्थनेला दहा पुरुष हवे होते,
नऊ जमले, दहावा ठाण्याहून येईपर्यंत
चहा दोनदा झाला.
मग डोळ्यांवर हात ठेवून
मी सुरुवात केली.
चौथ्या शब्दाशी
नऊजण पुढे गेले नाहीत.
थांबले.
मी खोकलो.

वखार त्या दिवशी बंद होती.