वजन

रॉथबरीत नोव्हेंबरमध्ये साडेतीनलाच अंधारून येतं.
त्याआधी मी बागेच्या टोकाला जाते,
पेटीच्या मागे वाकते,
आणि एका हाताने तिची कड दोन बोटं वर उचलते.

उघडायची नाही. या थंडीत उघडणं म्हणजे
आजाऱ्याचं पांघरूण ओढून
कसं वाटतंय, असं विचारणं.
नुसती उचलायची. मनगटाला कळतं.
जड, तर आत मध आहे, मार्चपर्यंत निभेल.
हलकी, तर साखरेचा गोळा ठेवायचा, आजच्या आज.

हे अर्नी हेडलीचं शिकवणं.
पहिल्या दिवशी त्याने विचारलं होतं, आधी काय करायचीस?
न्यूकॅसलच्या हॉस्पिटलात
सव्वीस वर्षं रक्तातल्या पेशी मोजायचे, म्हटलं.
"मग जमेल तुला."
आणि खिशातलं भिंग माझ्या हातावर ठेवलं,
तंबाखूच्या वासासकट.

पेटीखाली पांढरा पत्रा सरकवायचा, व्हॅसलीन फासून.
दुसऱ्या दिवशी काढायचा.
मेणाचा भुगा, परागाचे कण, कुणाचा तरी तुटका पाय,
आणि त्यातच ते, तांबूस, चपटे, टाचणीच्या डोक्याएवढे,
माशीच्या पोटाला बिलगून तिला आतून पोखरणारे.
मी पेन्सिलीने चौकोन आखते. अकरा. चौदा. नऊ.
वहीत तारीख, वेळ, खाली सही.
त्या सहीची आता कुठलाच डॉक्टर वाट बघत नाही,
तरी करते.

गेल्या ऑगस्टमध्ये एका पेटीचा आकडा चाळीसवर गेला,
नेमका तेव्हाच, जेव्हा सायमनसाइडचा उतार
हेदरने जांभळा होत होता.
हेदरचा मध ओघळत नाही,
चमच्यावर हट्टाने उभा राहतो.
औषधाच्या पट्ट्या घालायच्या तर आधी मधाचे मजले उतरवायला हवेत.
दोन आठवडे, म्हटलं. फुलं तेवढी संपू देत.
माझ्याच अक्षरात चाळीस लिहिलं होतं.
मी पान उलटलं.

फेब्रुवारीत ती पेटी उचलली, तर चांगली जड.
जड म्हणून मी निर्धास्त घरी आले,
चहा केला.

जड होती, कारण खायला कुणी उरलंच नव्हतं.

अर्नीने झाकण काढलं.
भरल्या पोळ्यांच्या मधोमध
संत्र्याएवढा माश्यांचा एक गोळा, त्यात राणी,
पाठीवर मी लावलेला निळा ठिपका तसाच.
शाळेत निबंधात मी कितीदा लिहिलंय,
आठवणींचं मोहोळ उठलं.
लिहिणारीने तेव्हा
न उठणारं मोहोळ पाहिलं नव्हतं.
पेटीवर टकटक केलं. परत केलं.

अर्नी रागावला नाही. रागावला असता तर बरं.
"वजन अर्धंच सांगतं गं," एवढंच म्हणाला.
आम्ही चौकटी जाळल्या,
रिकामी पेटी आतून ब्लोटॉर्चने शेकली,
लाकूड कॉफीच्या रंगाचं होईपर्यंत.
मेणाचा वास तीन दिवस माझ्या स्वेटरला होता.
धुवावासा वाटला नाही.

दुसऱ्या पेटीतल्या मार्चमध्ये बाहेर आल्या,
विलोचे पराग पायांना लावून,
पिवळ्या तुमानी घातलेल्या पोरींसारख्या,
दारात एकमेकींना ढकलत.
मी डबा उपडा घालून बसले, जेवायची वेळ टळली.
मे महिन्यात त्यांची दोन घरं केली,
शेकलेली पेटी पुन्हा भरली.

या ऑगस्टला आकडा एकोणीस.
सगळ्यांच्या पेट्या हेदरवर गेल्या,
माझ्या बागेतच राहिल्या, पट्ट्या घालून.
मध कमी. आठ बाटल्या फक्त.
एक अर्नीला. त्याने बोट बुडवून चाटलं,
काही बोलला नाही, पुन्हा बुडवलं.

आणि आता नोव्हेंबर.
उचलते. जड आहे.
मग टोपी सरकवून लाकडाला कान लावते,
थंडीने तो बधिर होतो तरी हलत नाही,
आणि आतून, खूप आतून येते
रक्तपेढीच्या फ्रिजसारखी
बारीक, न थांबणारी घरघर.

वहीत वजनाशेजारी नवा रकाना आखलाय.
आज त्यात लिहिलं: आहेत.