लिटरला किती चमचे

विशाखापट्टणमचं जोडपं मिहानची नोकरी सोडून परत गेलं
तेव्हा कूलरचे साडेनऊशे बाकी होते माझे.
त्यांनी काचेची पेटी दिली,
आत वाळू, नारळाचा भुसा, दोन वाट्या पाणी
आणि पाय असलेले तीन शंख.
वर एक कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला.

कुंदा म्हणाली, "रस्सा होते का याचा?"
मग मोठ्याच्या पाठीवर ऑइलपेंटचं सूर्यफूल दिसलं तिला,
म्हणाली, "काऊन रंगवलं असन बिचाऱ्याले?"

मी पस्तीस वर्षं या गावात हवा ओली करतो.
गोळीबार चौकापासून नंदनवनपर्यंत
ताट्या बदलतो, पंपातला गाळ काढतो.
मे महिन्यात घरात किती ओल उरली
हे मला ओठांवरून कळतं.
यांना ऐंशी टक्के लागते.
कमी पडली की गुदमरतात:
जमिनीवर येऊन किती पिढ्या झाल्या,
कल्ले काही सुटले नाहीत.

म्हणून शेचाळीस डिग्रीत, दुपारी दोनला,
गिऱ्हाइकांचे फोन वाजत असताना
(दादा, पाणी चढून नाही राहिलं वर)
मी घरी येतो
आणि पेटीच्या झाकणावरचा खसाचा तुकडा भिजवतो.

एका वाटीत गोडं पाणी, एका वाटीत खारं.
खाऱ्यासाठी मीठ मत्स्यालयवाल्याकडचं, भाजीतलं चालत नाही.
मी समुद्र पाहिलेला नाही.
नागपुरातून कोणत्याही दिशेला निघा, तो लांबच.
पण लिटरला किती चमचे घातले म्हणजे समुद्र होतो
ते आता मला पाठ आहे.

अक्षयतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी मोठा वाळूत शिरला.
आठवडा गेला. तीन गेले.
"मेला असन थो," कुंदा म्हणाली, "वास येईन घरात."
कागदावर लिहिलं होतं: उकरू नका.
खाली दोन रेघा.
आत तो कात टाकत असतो, लोण्यासारखा मऊ,
हात लागला तर जाईल.

बापानं माग विकला तेव्हा
तोही आतल्या खोलीत गेला होता. आठ दिवस.
आम्ही दार वाजवत राहिलो,
आई ताटली सरकवायची, मी फटीतून हाका मारायचो.
वाजवायला नको होतं.

वर आला तो एका रात्री,
फिकट, जांभळट, आणि शंखात मावेना.
इतवारीतली पूजेची दुकानं पालथी घातली,
सगळे शंख वाजवायचे, तोंडं अरुंद.
कुंदानं काही न बोलता आईचा रुमाल काढला,
रामेश्वरहून आणलेले पाच शंख, गाठीत बांधलेले.
"उकळून घ्या आधी.
आज एक्कावन दिवस झाले."
मी मोजले नव्हते.

दिवा मालवला, टॉर्चवर लाल कागद लावला.
त्यानं पहिला उलटा करून पाहिला, दुसऱ्यात पंजा घालून मापला,
पुन्हा पहिला.
बराच वेळ नुसता बसून राहिला.
मग एकदम बाहेर.
तेवढं उघडं, तेवढं वाकडं, गुलाबी काही
मी कुणाचं पाहिलं नव्हतं.
कुंदानं तोंड फिरवलं,
कुणी लुगडं बदलताना फिरवतात तसं.

कागदाच्या मागच्या बाजूला, शेवटी लिहिलंय,
यांना इथे पिल्लं होत नाहीत.
त्याला खरा समुद्र लागतो.
ती ओळ मी कुंदाला वाचून दाखवलेली नाही.

रंग सुटतो, म्हणून सूर्यफुलाचा शंख फेकायला हवा.
तिनं तो खिडकीत ठेवलाय.
परवा मी कानाला लावून पाहिला.
आत कूलर चालू होता.