डावी

दौलतगंजात, भदौरियाच्या दुकानी
तीन वर्षं भिंतीला टेकून होती.
"उल्टे हाथ की है, साहब. कोई नहीं लेता."
बोल्ट डावीकडे, म्हणून निम्म्या भावात.

मी आणखी दोन हजार पाडले,
वर तेलाची बाटली मागून घेतली.

शिकार कधीचीच बंद.
लायसन्सवर लिहिलंय पीकरक्षण:
मुरारपलीकडे दीड बिघा मटार,
रोझ येतात, खाऊन जातात.

दस्त्यावर गालाच्या जागी
लाकूड झिजून गुळगुळीत.
कुणाचा गाल, भदौरियाला ठाऊक नाही.
मला मात्र नेमका बसला.

भोपटकर मास्तरांनी ज्या हातावर
दोन पट्ट्या मोडल्या,
त्याच हातानं रजिस्टरात सही केली.
भदौरिया बघतच राहिला.

भाव ठरेपर्यंत तो हात
मी खिशातच ठेवला होता.